सुई बंद ठेवायचे सात दिवस

मी तोंडाळ बाई. आमच्या चाळीत कुणालाही विचारा, पहिलं हेच सांगतील. नळावर, जिन्यात, कमिटीच्या मीटिंगमध्ये, कुठेही मला गप्प बसता येत नाही. मनात आलं की बोलून मोकळी. आयुष्यात ठरवून लपवलेली अशी एकच गोष्ट, आणि तीही जेमतेम दहा-बारा दिवस. त्या दिवसांची भीती अजून माझ्या अंगातून गेलेली नाही.

काळाचौकीला आमच्या दोन खोल्या. सासूबाई, आम्ही दोघं, आमची पाच वर्षांची मुलगी, धाकटा दीर आणि माझी जाऊ. मी घरीच शिवणकाम करते. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी माझं मशीन. जाऊ वरळीला ऑफिसात जाते. तिच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती, मूल नव्हतं. एकदा दिवस राहिले होते, तेव्हा आनंदाच्या भरात सगळ्या चाळीला सांगून झालं, आणि दुसऱ्याच महिन्यात सगळं संपलं. त्यानंतर ती माझ्या पोरीला जास्तच कवटाळायला लागली. संध्याकाळी ऑफिसातून आली की पर्स टाकायची आणि पोरीला मांडीवर घ्यायची. एकाच ताटात जेवायच्या, एकाच कपातून दूध प्यायच्या. मी ओरडायचे, "अगं, पाच वर्षांची घोडी झाली ती, खाली उतरव!" ती हसून म्हणायची, "असू दे हो वहिनी."

तो एप्रिल होता. लग्नसराई. मशीनच्या बाजूला ब्लाउजपीसचा ढीग, प्रत्येकीची तारीख वेगळी आणि प्रत्येकीचं लग्न म्हणजे जगातलं पहिलंच. अशात एका सोमवारी सकाळी पोरीची वेणी घालताना तिच्या कानामागे बारीक गाठी हाताला लागल्या. अंग किंचित कोमट. तोंडावर आणि मानेवर गुलाबी पुरळ, ते दुपारपर्यंत पोटावर उतरलं. पोरगी मात्र मजेत, टीव्हीसमोर उड्या मारतेय. शाळेच्या ग्रुपवर आदल्या आठवड्यात मेसेज आला होता, पुरळ असलेल्या मुलांना पाठवू नका म्हणून. मी तो वाचला होता आणि पुढे सरकले होते.

मला काय कळत नव्हतं? कळत होतं. ते घामोळं नव्हे हे मला पहिल्या मिनिटाला कळलं. पण ते आमच्या सासूबाईंना कळलं असतं, तर माझी सुई बंद झाली असती.

आमच्याकडे पोराच्या अंगावर पुरळ उठलं की त्याला रोग म्हणत नाहीत. बाया आल्या म्हणतात. गोवर असो, कांजिण्या असोत, सगळ्या बायाच. त्या घरात असेपर्यंत सात दिवस फोडणी नाही, तळण नाही, केसांना फणी नाही, कात्री नाही, सुई नाही. दाराला कडुनिंबाचा डहाळा. पोराला आतल्या खोलीत वेगळं निजवायचं आणि पाहुण्याला दारातूनच परत पाठवायचं. दोन वर्षांपूर्वी नणंद म्हणावी अशी शेजारीण तिच्या मुलाला कांजिण्या असताना आमच्याकडे येऊन बसली, तर सासूबाईंनी तिला हाताला धरून बाहेर काढली होती. सात दिवस मशीन बंद म्हणजे ऐन लग्नसराईत माझ्या गिऱ्हाइकांनी माझ्या नावाने खडे फोडले असते. शिवाय माझा त्या सगळ्यावर विश्वास नव्हता. सुईने कुठली देवी रागावते, डोंबल!

मग मी पोरीला लांब बाह्यांचा फ्रॉक घातला, गुलाबी लोशन चोपडलं आणि सगळ्यांना सांगितलं, "घामोळं उठलंय, काय हा उकाडा!" सासूबाईंना मोतीबिंदू. त्यांनी लांबून बघितलं आणि मान डोलावली. संध्याकाळी जाऊ आली, नेहमीसारखी पोरीला मांडीवर घेतली. तिच्या गालाला गाल लावला. ती त्या आठवड्यात जरा मलूल होती, जेवण जात नव्हतं. मी विचारलं तर म्हणाली, "ॲसिडिटी झालीय." मी म्हटलं, "ऑफिसात चहा ढोसतेस दिवसभर, दुसरं काय होणार!" आणि पुढचा ब्लाउज घेतला.

चौथ्या दिवशी पोरीचं अंग स्वच्छ. मी मनात म्हटलं, चला, सुटले. चौदा ब्लाउज वेळेवर गेले. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं म्हणून सांगू!

पुढच्या आठवड्यात शुक्रवारी सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि दार लोटून घेतलं. त्या अजून मालवणीच बोलतात. म्हणाल्या, "गो, तुझ्या जावेक तिसरो म्हयनो लागलो. आजपातूर कोणाक सांगूक नाय. तुकाय नाय. गेल्या टायमाक सगळ्यांका सांगलव नि काय झाला ता तुका म्हायत आसा. आज चोरओटी भरूया. तूच भर, गुपचूप."

तिसऱ्या महिन्यात घरातल्या घरात, कुणाला न बोलावता भरायची ती चोरओटी. मला आधी इतका आनंद झाला की मी सासूबाईंना मिठीच मारली. तांदूळ काढले, नारळ पुसून घेतला, माझ्याकडचा एक नवाकोरा खण काढला. आणि खणाची घडी मोडता मोडता मी थांबले.

महापालिकेच्या दवाखान्यातून एक सिस्टर चाळीत यायची. माझ्या पोरीचे गोवर-रुबेलाच्या लसीचे नऊ महिन्यांचे आणि त्यानंतरचे डोस लॉकडाऊनमध्ये राहिले होते. तेव्हा आम्ही गावी अडकलो होतो आणि परत आल्यावर आज नेऊ, उद्या नेऊ करत राहूनच गेलं. ती सिस्टर दोनदा दारात उभी राहिली होती. दुसऱ्या वेळी मी मशीनवरून न उठताच तिला वाटेला लावलं होतं. जाता जाता ती म्हणाली होती, "ताई, ह्या रुबेलाने पोराला फारसं काही होत नाही. पण घरात कुणी गरोदर असेल तर तिच्या पोटातल्या बाळाचं वाटोळं करतो." मी म्हटलं होतं, "आमच्याकडे कुणी नाही गरोदर." ते वाक्य माझ्या कानात तसंच्या तसं वाजलं.

जाऊ पाटावर बसली होती. लाजत होती, घाबरतही होती. माझी पोरगी तिला चिकटून बसलेली. मी तिला हळदीकुंकू लावलं. ओंजळीने तांदूळ तिच्या पदरात घालताना माझे हात असे थरथरत होते की निम्मे खाली सांडले. सासूबाई म्हणाल्या, "आनंदान हात कापतत." मी, जी रेशन दुकानदाराला भर रांगेत सुनावते, त्या मला एक वाक्य बोलता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरीला घेऊन परळच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी कानामागच्या गाठी बघितल्या, त्या अजून होत्या. पुरळ कधी उठलं, किती दिवस होतं, डोस घेतला होता का, सगळं विचारलं. मग पेन खाली ठेवून म्हणाले, "घरात कुणी गरोदर आहे?" मी मान डोलावली. "कितवा महिना?" मी तीन बोटं दाखवली. ते म्हणाले, "हिचं रक्त तपासू. आणि त्यांना सोमवारी घेऊन या. आजच सांगा त्यांना."

संध्याकाळी मी जावेला गॅलरीच्या टोकाला नेलं आणि सगळं सांगितलं. घामोळं नव्हतं, मला माहीत होतं, मशीन बंद पडू नये म्हणून खोटं बोलले. तिने शेवटी एवढंच विचारलं, "मी तिला मांडीवर घ्यायचे तेव्हा तुम्ही तिथेच होतात ना?"

"होते."

"एकदा उठवायचं होतं तिला, वहिनी. काहीही सांगून उठवायचं."

मी म्हटलं, "मला माहीत नव्हतं गं तुझं." ती म्हणाली, "हो. आम्ही सांगितलंच नव्हतं." आणि आत गेली. त्यापेक्षा तिने माझ्या थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

तिने गिरगावला आईला फोन लावला. लहानपणी मला रुबेला झाला होता का, लस दिली होती का? एकदा रुबेला होऊन गेला असला तर पुन्हा सहसा होत नाही, म्हणून डॉक्टरांनी हे विचारायला सांगितलं होतं. फोन स्पीकरवर होता. तिची आई म्हणाली, "बाया आल्या होत्या ना तुला, दोनदा. एकदा बालवाडीत, एकदा गावी." कुठल्या बाया, आई? पुरळ कसं होतं? पाणी भरलेले फोड होते की लाल ठिपके? "आता ते कसं सांगू? नाव कुठे घेतो आपण त्यांचं?" जावेने फोन खाली ठेवला. गिरगावातलं ते शिकलेलं घर, तिचे आजोबा बँकेत होते, आणि तिथेही कुणी नाव घेतलं नव्हतं.

पोरीचा रिपोर्ट आला. रुबेलाच. जावेचा आला, त्यात काहीच नव्हतं. म्हणजे ना आत्ताची लागण, ना जुनं संरक्षण. दिराने "हुश्श" केलं. डॉक्टरांनी आम्हाला परळच्याच बाळंतपणाच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं होतं, त्यांनी त्याला थांबवलं. म्हणाल्या, संरक्षण नाही ही चांगली बातमी नव्हे. लागण झाली असेल तर रक्तात दिसायला वेळ लागतो. तीन आठवड्यांनी पुन्हा तपासायचं. त्याने विचारलं, "झाली असेल तर काय होतं?" बाईंनी लपवलं नाही. बाळाचे कान, डोळे, हृदय. कधी एक, कधी सगळं, कधी काहीच नाही. आधी सांगता येत नाही. त्या इतक्या शांतपणे बोलत होत्या की मला त्यांचाही राग आला.

घरी आल्यावर सासूबाईंना सांगावंच लागलं. मला वाटलं, आता माझी खैर नाही. त्यांनी पदर तोंडाशी धरला. मग म्हणाल्या, "सात दिस सुई बंद ठेवली असतीस, तर माका कळला असता. मी तिका त्याच दिसाक म्हायेराक धाडलंय असतंय. गर्भारशीन बाई असल्या घरात थांबाची नाय, ह्या माझ्या आवशीन माका शिकवलेला." मी रडायला लागले. तशा त्या म्हणाल्या, "रडा नको. मीवं तुझ्यापासून लपवलंय. दोघीनी मिळान केला आपण ह्या."

त्या तीन आठवड्यांत मी मशीनवर चादर टाकली. देवी-बिवी काही नाही, माझे पायच पॅडलवर पडेनात. दोन गिऱ्हाइकं भांडून कापड परत घेऊन गेली, जा म्हटलं. रोज सकाळी मी जावेचा चेहरा न्याहाळायचे. उन्हातून आली आणि गाल लाल दिसले की मी हातातलं काम टाकून जवळ जाऊन बघायचे. एक दिवस तिच्या मानेवर चार ठिपके दिसले आणि मी भाजी चिरता चिरता सुरी टाकून धावले. डास चावला होता. ती वैतागून म्हणाली, "वहिनी, तुम्ही माझ्याकडे असं बघत जाऊ नका. तुम्हाला बघूनच मला जास्त भीती वाटते. आणि ते मशीन चालू करा. बंद मशीन बघितलं की घरात मढं असल्यासारखं वाटतं." मी चादर काढली. त्या दिवसापासून मी रोज शिवायला बसायचे आणि एकच शिवण तीनदा उसवायचे.

तिला ताप आला नाही. अंगावर एक ठिपका उठला नाही. कानामागे गाठ नाही. तिसऱ्या आठवड्यात ती पहिल्यांदा हसली, पोरीला लांबूनच "काय गं माकडा" म्हणाली. दिराने आंबे आणले. आम्ही सगळे इतके हलके झालो होतो की रिपोर्ट आणायला दीर एकटाच गेला.

तो परत आला तो चपला न काढताच पलंगावर बसला. लागण झाली होती. अंगावर काही न दिसताही होते म्हणे.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही वाटा समजावल्या. अजून वेळ आहे, कायद्याने मोकळीक आहे, निर्णय तुमचा, म्हणाल्या. माझ्या मनात तेव्हा काय आलं ते मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. मला वाटलं, नको म्हणू दे तिला. पाडू दे. म्हणजे मला ते बाळ जन्मभर बघावं लागणार नाही. तिच्या दुःखाचा नव्हे, माझ्या सुटकेचा विचार मी केला. एवढी स्वार्थी मी आहे हे मलाच माहीत नव्हतं.

तिने दोन दिवस घेतले. मग म्हणाली, "मी ठेवणार. जे असेल ते माझं." आणि बॅग भरून गिरगावला माहेरी गेली. जाताना सासूबाईंच्या पाया पडली. माझ्याकडे न बघता पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला.

पुढचे महिने मी फोनवर जगले. फोन ती सासूबाईंना करायची, मी बाजूला उभी. पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत वाढ चांगली होती. हृदयाची वेगळी तपासणी झाली, तीही ठीक. दीर म्हणाला, "दोन्ही कानसुद्धा दिसले." मी विचारलं, "मग?" तो म्हणाला, "ऐकू येतं का ते दिसत नाही." गणपतीत अख्खी लालबाग ढोल-ताशांनी दणाणत होती आणि मी गॅलरीत उभी राहून त्या बाळाच्या कानांचा विचार करत होते. माझी पोरगी दर चार दिवसांनी विचारायची, "काकी माझ्यावर रागावलीय का?" मी तिला म्हणायचे, "तुझ्यावर नाही गं."

दिवाळीच्या सुमाराला मुलगा झाला. वजन जरा कमी, पण डोळे स्वच्छ, हृदय बरं. तिसऱ्या दिवशी कानाची तपासणी केली. बाळ झोपलेलं असताना कानात छोटी नळी घालून मशीन लावतात आणि दिवा हिरवा व्हायची वाट बघतात. तो एकाही कानाला हिरवा झाला नाही. नवजात बाळाचं कधी कधी असं होतं, दीड महिन्याने पुन्हा बघू, असं सांगितलं. पुन्हा वाट बघणं. मी त्या दीड महिन्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या.

बाराव्या दिवशी गिरगावला बारसं. मी कुंची शिवली होती. दादरला जाऊन मऊ मलमल आणली, लेस शोधली, कानावर येणाऱ्या शिवणी दोनदा दुमडून घेतल्या, कुठे टोचू नयेत म्हणून. खोलीत शेजारच्या बायका जमल्या होत्या. कुणालाच काही माहीत नव्हतं. पाळण्याच्या खालून-वरून गोविंद घ्या, गोपाळ घ्या करून झालं. आता आत्याने बाळाच्या कानात नाव सांगायचं. पण आमच्याकडे आत्याच नाही, दोन्ही भाऊच. जावेच्या आईने मावशीला पुढे केलं. तेवढ्यात जाऊ म्हणाली, "नाही. वहिनी सांगतील."

सहा महिन्यांनी तिने माझ्याकडे सरळ बघितलं होतं.

मी पाळण्यावर वाकले. तिने स्वतः कुंचीची नाडी सोडली आणि बाळाचा कान उघडा केला. इवलासा, पातळ, लालसर कान. मी कुर्र केलं आणि हळू आवाजात नाव सांगितलं. बाळ झोपलेलं. ती म्हणाली, "मोठ्याने." मी मोठ्याने सांगितलं. "अजून मोठ्याने, वहिनी." मी ओरडले. चाळीच्या नळावर ओरडते तशी ओरडले. बायका हसल्या, एकजण म्हणाली, "अगं बाई, घाबरेल ना ते!" बाळाची पापणीसुद्धा हलली नाही.

जावेने कुंचीची नाडी पुन्हा बांधली. तिला आणि मला तेव्हाच कळलं. दीड महिन्याने डॉक्टरांनी सांगितलं ते नंतरचं.

बायका घुगऱ्या घेऊन गेल्या. माझी पोरगी इतका वेळ माझ्या पाठीमागे लपून होती. जावेने तिला हाक मारली. "इकडे ये. मांडी घालून बस. नीट, भिंतीला टेकून." आणि बाळाला उचलून तिच्या मांडीवर ठेवलं. पोरीने श्वास रोखून धरला. मग बाळाच्या कानाशी तोंड नेऊन अगदी हळू, गुपित सांगावं तशी काहीतरी पुटपुटली.

जाऊ म्हणाली, "तसं नको. त्याच्या तोंडासमोर ये आणि मोठ्याने बोल. तुझं तोंड त्याला दिसलं पाहिजे."

"का गं काकी?"

पाच वर्षांची पोर. आज ना उद्या तिला कळणार, कुणाच्या अंगावरचं पुरळ ते. मी जावेकडे बघत राहिले. तिने बाळाचं डोकं माझ्या पोरीच्या कोपरावर नीट ठेवलं, पदराने त्याची लाळ पुसली आणि म्हणाली, "त्याला तू खूप आवडतेस ना, म्हणून."